सम्राट मरायला तयार नाही

सोफावाले मिस्त्री बोलत नसत, आणि त्याला कारणही तसंच होतं. सोफ्याला कापड ठोकताना एक हात कापड ताणायला लागतो, दुसरा हातोडीला. मग चुका, म्हणजे बारीक खिळे, ठेवायच्या कुठे? तोंडात. जिभेनं एकेक चूक ओठांवर आणायची, हातोडीच्या चुंबकाच्या टोकानं ती अलगद उचलायची आणि ठक्. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांनी हेच केलं होतं. तोंडात चुका धरून बसलेल्या माणसानं बोलायचं ठरवलं, तर बाहेर चुकाच पडणार. म्हणून ते नुसतं "हं" म्हणत. लांबलेला "हं" म्हणजे हो. तुटका "हं" म्हणजे नाही. आणि "हं" म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली, की गिऱ्हाइकानं समजायचं, गुरुवारी यायचं.

संध्याकाळी चुका डबीत काढून ठेवल्या तरी सवय काही डबीत जात नव्हती. कारखान्याच्या वरच घर होतं. जिना चढून ते घरी येत, हातपाय धूत आणि गप्प बसत. बायको हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर कामाला होती. एक्स-रे कुठे, डॉक्टर कधी, बाथरूम कुठल्या बाजूला, हे दिवसभर सांगून आली तरी तिच्याजवळ सांगण्यासारखं बरंच शिल्लक असे. ती सांगे, ते ऐकत. संसार झकास चालला होता. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात. पण मिस्त्रींचे सोफे न बोलता खपत होते, कारण त्यांनी भरलेल्या सोफ्यावर एकदा बसलेला पाहुणा लवकर उठत नसे. काही गिऱ्हाइकांची तर तीच तक्रार होती.

त्यांची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. दिवसा ती लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणायची आणि उरलेल्या वेळात सिनेमा बघायची. तिच्यासारखेच आणखी तिघं होते. एक लग्नांचे व्हिडिओ काढणारा. त्याला सगळे "शूटिंग" म्हणत. दुसरा दातांच्या दवाखान्यात मदतनीस. तो दिसायला बरा, म्हणून "हिरो". तिसरा "पहिलवान", ज्याची छाती दारातून आधी आत यायची आणि तो मागून. या चौकडीचा जीव एका अंतराळातल्या सिनेमावर जडला होता. त्याचे दोन भाग आले, आणि तिसऱ्याच्या आधीच बनवणाऱ्यांनी हात वर केले. अडचण अशी, की दुसऱ्या भागाच्या शेवटी कप्तान यानाच्या कडेला एका हातानं लटकत होता. तो कित्येक वर्षं तसाच लटकला होता.

"त्याचा हात दुखत असेल रे," हिरो कळवळून म्हणायचा.

शेवटी चौघांनी ठरवलं, की कुणी नाही तर आपणच त्याला वर ओढायचं. तिसरा भाग आपण करायचा. लेक डायरेक्टर झाली, आणि त्या दिवसापासून घरात चहा उतू गेला तरी "कट!" ऐकू येऊ लागलं.

कारखाना मागायला ती खाली आली, तेव्हा मिस्त्री एका दिवाणाच्या पोटात डोकं घालून बसले होते.

"बाबा, रविवारी कारखाना आम्हाला द्याल? फोमचे तुकडे वापरू, काही मोडणार नाही."

दिवाणातून लांबलेला "हं" आला.

रविवारी मिस्त्री चहाचा पेला घेऊन खाली उतरले आणि दारातच थबकले. तिघांच्या बैठकीचा सोफा उलटा पडला होता आणि त्याचे पाय आकाशाकडे रोखलेल्या तोफा झाले होते. रेक्झिनच्या गुंडाळ्या म्हणजे इंधनाच्या टाक्या. छताला सुतळीनं बांधलेले फोमचे गोळे म्हणजे ग्रह. त्यातला एक ग्रह पंख्याच्या फार जवळ होता. कप्तान झालेला हिरो केस वाळवायचं यंत्र हातात धरून उभा होता. ती किरणबंदूक होती. आणि मध्यभागी, चुलत-सासऱ्यासारखी ताठ, मुख्याध्यापिका बाईंची खुर्ची.

ही खुर्ची तेवढी सांगायला हवी. उंच पाठीची, कोरीव हातांची, नुकतीच लाल मखमल चढवून तयार झालेली. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा बाईंमधून निवृत्त झाली नव्हती. त्यांना गुरुवार दिलेला होता. मिस्त्रींनी खुर्चीकडे बोट दाखवून तुटका "हं" केला.

"बाबा, सिंहासन आहे ते," लेक म्हणाली. "फक्त आजच्या दिवस. पहिलवान अगदी हळू बसेल."

पहिलवान तारकासम्राट होता, म्हणजे खलनायक. पडद्याच्या जांभळ्या मखमलीचा झगा, खांद्यावर फोमचे उंचवटे, डोक्यावर सोफ्याच्या स्प्रिंगांना सोनेरी रंग देऊन केलेला मुकुट. तो बसला. छाती फुगवली. गडगडाटी आवाजात सुरू झाला.

"मी हे विश्व जाळून... जाळून... आक्छी!"

फोमचा बारीक भुगा त्याच्या नाकाला सोसेना. दुपारपर्यंत त्याला विश्व काही जाळता आलं नाही. "गुडघे टेक" म्हणताना तो शिंकला, "दया नाही" म्हणताना दोनदा शिंकला. एका शिंकेत मुकुटाची स्प्रिंग सुटून शूटिंगच्या कपाळावर बसली. डोळे सुजवून पहिलवान म्हणाला, "मला तुम्ही प्रकाशयोजनेत घ्या. दाराबाहेरून करेन." आणि तो खरोखरच बाहेर जाऊन खिडकीतून आरसा धरून उभा राहिला.

सम्राटाशिवाय साम्राज्य ओस पडलं. लेक कपाळाला हात लावून बसली. मिस्त्री कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. भुवया जाड, नजर थंड, ओठ घट्ट मिटलेले. शूटिंगनं सहज कॅमेरा तिकडे वळवला आणि कुजबुजला, "अगं, इकडे बघ. तुझे बाबा नुसते बसलेत, तरी मला माझे गुन्हे आठवतायत."

"बाबा, बसाल का जरा? बोलायचं काही नाही. नुसतं बघायचं."

मिस्त्री उठले. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी मखमलीवरून हात फिरवून घडी सरळ केली. झगा चढला, मुकुट चढला. त्यांनी नुसतं बघितलं. हिरोच्या हातून किरणबंदूक खाली पडली.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "एकच वाक्य म्हणून बघता? 'माझ्या परवानगीशिवाय या विश्वात एकही तारा लुकलुकणार नाही.'"

मिस्त्रींनी सवयीनं खिशातली डबी काढली, तोंडाशी नेली आणि तोंडात आज काही नाही, हे लक्षात येऊन परत ठेवली. घसा साफ केला. आणि बोलले.

तो आवाज कुणी ऐकलाच नव्हता. वर्षानुवर्षं बंद पेटीत ठेवलेल्या लोकरीसारखा, जाड, कोरा, कुठेही न झिजलेला. ओरडणं नाही, हातवारे नाहीत. सोफा गुरुवारच्या आधी मिळणार नाही, हे सांगावं इतक्या शांतपणे त्यांनी सांगितलं, की तारा लुकलुकणार नाही. ते ऐकून ताऱ्याचं लुकलुकण्याचं धाडस झालं नसतं. खिडकीबाहेर पहिलवानाच्या हातातला आरसा हलला आणि सम्राटाच्या चेहऱ्यावरून उजेड थरथरत गेला. सगळ्यांना वाटलं मुद्दाम केलंय.

"कट!" लेक ओरडली, आणि मग डायरेक्टरपण विसरून, "बाबा!"

"परत घ्या," मिस्त्री म्हणाले. "लुकलुकणारला जीभ अडखळली."

त्या रविवारनंतर पुढचे रविवारही त्यांचेच झाले. आणि बंधारा फुटल्यावर पाणी जसं कुणाला विचारून वाहत नाही, तसे मिस्त्री बोलू लागले. लिहिलेलं तर बोलतच, वर पदरची वाक्यं घालत. बंदी करून आणलेल्या कप्तानाला सम्राटानं दरडावलं, "तुझ्या यानाची शिवण उसवलेली आहे. आत काथ्या भरलाय, आणि तू लोकांना फोम म्हणून सांगतोस!" हिरो खरोखरच ओशाळला. शूटिंग म्हणाला, "राहू दे. असा अपमान कुठल्या सिनेमात नाही झालेला."

घरी तर कहर झाला. जेवताना मिस्त्रींनी उजवा हात सावकाश उचलून म्हटलं, "मीठ हजर करा."

"हजर करा?" बायको म्हणाली. "मीठ काय फरार झालंय?"

"भाजीला शासन झालेलं दिसत नाही."

"अहो, तुम्हाला ताप आलाय का?" तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ती लेकीकडे वळली. "लग्न झाल्यापासून एवढं बोलणं मी ह्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मी हो म्हटलं तेव्हासुद्धा ह्यांनी नुसतं 'हं' केलं होतं. माझ्या आईला वाटलं, नकार आला."

तक्रार केली तरी तिला मजा येत होती. हॉस्पिटलच्या खिडकीवर आता ती एक्स-रेचा रस्ता सांगता सांगता सम्राटाच्या गोष्टीही सांगायला लागली.

बोलायला लागलेला माणूस खोटंही बोलायला लागतो. बाई खुर्चीसाठी आल्या की पूर्वी मिस्त्रींना कॅलेंडर पुरायचं. आता ते म्हणाले, "पॉलिश ओलं आहे बाई." पुढच्या वेळी म्हणाले, "मखमलीला हवा लागू द्यायची असते." बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मिस्त्री, इतकी वर्षं तुम्ही वेळेवर काम देता. तुम्ही बोलायला लागलात आणि उशीर सुरू झाला. यांचा परस्परसंबंध मला दिसतो आहे." मिस्त्रींनी मान खाली घातली; पण खुर्ची काही दिली नाही.

असं करत करत सिनेमा शेवटाला आला. कप्तानाला वर ओढून झालं होतं. त्यासाठी शूटिंगला कॅमेरा उलटा धरून जमिनीवर लोळावं लागलं. आता एकच राहिलं होतं. हिरो किरणबंदूक झाडणार आणि सम्राट मरणार.

"बाबा, बंदूक लागली की छातीला हात, एक किंकाळी, मग खुर्चीतून खाली. समजलं?"

लांबलेला "हं" आला. लेकीला हायसं वाटलं.

"ॲक्शन!"

हिरोनं बंदूक झाडली. सम्राटानं छातीकडे पाहिलं. झग्यावरची धूळ दोन बोटांनी झटकली आणि म्हणाले, "कापड चांगलं आहे."

"कट! बाबा, मरायचंय."

दुसऱ्यांदा बंदूक झाडली तेव्हा ते खाली पडले. मग सम्राट कोपरावर टेकून उठले, खुर्चीवर बसले, मुकुट सरळ केला. "सम्राट पडतो," ते म्हणाले. "मरत नाही."

"कट! अहो बाबा, स्क्रिप्टमध्ये तुम्ही मेलात!"

"मग स्क्रिप्ट चुकली."

"काका, मी कप्तान आहे," हिरो काकुळतीला येऊन म्हणाला. "तुम्ही मेला नाहीत तर मी केलं काय एवढा वेळ?"

"मला मारायला तुझ्याजवळ काय आहे? केस वाळवायचं यंत्र. माझ्याजवळ सैन्य आहे. तूच विचार कर."

हिरोनं विचार केला, आणि मुद्दा त्याला पटला, हेच वाईट झालं. तो बंदूक खाली ठेवून बसला.

पुढच्या वेळी सम्राट मेले, पण मरता मरता इतकं लांब भाषण केलं, की शूटिंगच्या कॅमेऱ्याची बॅटरी आधी मेली. त्या दिवशी काम थांबवावं लागलं. लेक पाय आपटत वर गेली.

दुपारी बायको चहा घेऊन खाली आली. मिस्त्री झगा न काढताच सिंहासनावर बसले होते. ती समोरच्या स्टुलावर टेकली.

"पोरीला का छळताय? मरा की एकदाचे. खोटंखोटंच तर मरायचंय."

मिस्त्रींनी पेला गुडघ्यावर टेकवला. मग साध्या, मिस्त्रींच्याच आवाजात म्हणाले, "मेलो की संपलंच ना. पोरं आपापल्या वाटेनं जातील. उद्यापासून परत मी आणि माझ्या चुका."

बायको एरवी कधी गप्प बसत नसे. आता बसली. मग म्हणाली, "माझ्याशी बोला की. मला कुणी बंदी केलीय ऐकायला?"

"तुझ्याशी काय बोलू? मुकुट नसला की सुचत नाही."

"मग मुकुट घालून बोला. घरात आहेच कोण बघायला!" ती हसली, आणि पेला घेऊन जिना चढली. मिस्त्रींना बरं वाटलं. पण मरायला म्हणाल, तर ते अजूनही तयार नव्हते.

रविवार आला. बॅटऱ्या भरलेल्या, पहिलवान आरसा घेऊन बाहेर, हिरो खिन्न. लेकीनं "ॲक्शन" म्हटलं. हिरोनं बंदूक रोखली. सम्राटानं नाकपुडीसुद्धा हलवली नाही. आणि तेवढ्यात खिडकीबाहेरून पहिलवानाचा आवाज आला, "बाई, आत नका जाऊ, आत विश्व चाललंय," आणि दार धाडकन उघडलं.

दारात मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. हातात छत्री, मागे टेम्पोवाला.

"माझी खुर्ची!"

मिस्त्रींना उठून "माफ करा बाई" म्हणता आलं असतं. त्यांनी म्हणायला हवंही होतं. पण अंगात झगा होता, डोक्यावर मुकुट होता आणि तोंड आता उघडायला शिकलं होतं.

"ही खुर्ची," सम्राट म्हणाले, "विश्वाची आहे."

"विश्वाची असेल तर विश्वानं मखमल आणून दिली असती," बाई म्हणाल्या. "मखमल मी आणून दिली. ऊठ!"

"माझ्या परवानगीशिवाय..."

"कुणाच्या परवानगीशिवाय? कुठल्या इयत्तेत आहेस तू? टोपी काढ आधी. वर्गात टोपी घालून बसतात?"

ती ऊठ, ती टोपी, तो सूर! चाळीस-चाळीस पोरांना एका दमात उभं करणारा तो आवाज सम्राटाच्या हाडांपर्यंत गेला आणि तिथे त्याला जुनी ओळख सापडली असावी. सम्राट उभे राहिले. आपल्या हातानं मुकुट काढला. बाईंनी तो घेतला, उलटसुलट बघितला, "स्प्रिंगा!" एवढंच म्हणाल्या आणि टेबलावर ठेवला. टेम्पोवाल्यानं सिंहासन उचललं. बाई छत्री टेकत मागोमाग निघाल्या, दारात वळून हिरोला म्हणाल्या, "आणि तू, ते यंत्र बंद कर. वीज जळते." हिरोनं मुकाट्यानं बटण दाबलं.

दार लागलं. झगा घातलेले मिस्त्री उभेच होते, केस स्प्रिंगांमुळे ताठ झालेले, चेहऱ्यावर सगळं साम्राज्य गेल्याचं खरं, निव्वळ, न शिकवलेलं दुःख.

"अरे देवा," लेक म्हणाली. "गेला टेक."

"कुठे गेला?" शूटिंग कॅमेऱ्यामागून म्हणाला. "मी लग्नं काढतो गं. तिथे नवरदेव चक्कर येऊन पडला तरी आम्ही कॅमेरा बंद करत नाही. सगळं आहे ह्यात."

त्यांनी तिथेच बघितलं. एकदा बघितलं, मग परत. दोन भागांतल्या सगळ्या तोफा, सैन्यं आणि याच्या-त्याच्या शपथा ज्याला हलवू शकल्या नाहीत, त्या सम्राटाला एक बाई छत्री घेऊन येते आणि उठवते. कुठून येते, का येते, काही खुलासा नाही. लेकीनं डोळे पुसले. ती हसून रडत होती की रडून हसत होती, तिलाच ठाऊक. "हाच शेवट," ती म्हणाली. "यापेक्षा चांगला आपल्याला सुचणार नाही."

बाईंची परवानगी काढायला लेक आणि मिस्त्री दोघं त्यांच्या घरी गेले. मिस्त्रींनी आधी माफी मागितली, सलग आणि मोठ्यानं. बाई लाल खुर्चीतच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मी त्यात दिसते कशी?"

"भयंकर," लेकीच्या तोंडून निसटलं.

"मग दाखवा," बाई म्हणाल्या.

सिनेमा वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवला. घडीच्या खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे राहिले. कप्तान वर ओढला गेला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि पंख्याजवळचा ग्रह फुटून भुगा उडाला तेव्हा हशा. तो खरा अपघात होता, पण लेकीनं त्याला आकाशगंगेचा विनाश करून टाकलं होतं. सम्राटाच्या पहिल्या वाक्याला हॉल चिडीचूप झाला. एका गिऱ्हाइकानं शेजारणीला विचारलं, "हे आपले सोफावाले? ते मुके नव्हते?" आणि बाई दारातून आत आल्या, तेव्हा तर लोक खुर्च्यांवर उभे राहिले. पहिल्या रांगेत खुद्द बाई ताठ बसल्या होत्या, हसल्या नाहीत. दिवे लागल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "माझा आवाज खरंच एवढा मोठा आहे?" त्यांच्या आसपास बसलेले बहुतेक सगळे त्यांचे जुने विद्यार्थी होते. कुणीही उत्तर दिलं नाही.

मिस्त्रींच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी अख्ख्या हॉस्पिटलला शेवट सांगून टाकला. रस्त्यात पोरं मिस्त्रींना वाकून मुजरे करू लागली आणि तेही हात वर करून ते स्वीकारू लागले. काम करताना ते अजून तोंडात चुका धरत; पण गिऱ्हाईक आलं की डबीत काढून ठेवत आणि दोन शब्द बोलत. मग दोनाचे वीस होत, आणि गिऱ्हाइकांच्या लक्षात येई, की आपला गुरुवार शुक्रवारवर गेला.

फक्त हिरो दिसेना. सगळं गाव बाईंबद्दल आणि सम्राटाबद्दल बोलत होतं. कप्तानाबद्दल लोक एवढंच म्हणत, की त्या पोरानं बाईंनी सांगितल्यावर लगेच यंत्र बंद केलं, चांगल्या घरचा आहे. तो रुसला होता. लेकीनं दोनदा निरोप धाडला, तो आला नाही.

म्हणून एके दिवशी मिस्त्री स्वतःच दातांच्या दवाखान्यात गेले. हिरो चिमटे पुसून ओळीनं मांडत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"काका, तुम्ही कशाला आलात? दात दुखतोय का?"

"नाही." मिस्त्री रुग्णांच्या खुर्चीवर टेकले. ती मागे गेली, ते आडवे झाले, आणि तसेच छताकडे बघत बोलू लागले. "तुला सांगायचं राहून गेलं. तो शूटिंग, ती डायरेक्टर, ती बाई, सगळे आपापल्या जागी. पण समोर बंदूक घेऊन कोण उभं होतं? तू. तू नसतास तर मी एवढं बोललो कुणाशी असतो?"

हिरो पुसायचा थांबला.

"आणि बंदूक तू चांगली झाडलीस," मिस्त्री म्हणाले. "दर वेळी नेम बरोबर होता. मलाच लागली नाही, त्याला तू काय करणार?"